केळीच्या बुडाशी बसलेली मांजरं

बोळिंज,
शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४

रुचिता,

टोपली उघडताना नाक धरू नकोस. आत फक्त भाजी आहे.

वालपापडी आहे, दुधी आहे, थोड्या मिरच्या आणि केळ्यांची एक फणी. जमिनीखालचं तुमच्या जैन घरात चालत नाही हे आईकडून कळलं, म्हणून मुळा, सुरण, कोनफळ यातलं काही टाकलेलं नाही. वांगी भरली होती, ती तिने आयत्या वेळी बाहेर काढली. एवढं सगळं वगळल्यावर शेतकऱ्याने टोपलीत घालायचं तरी काय, असं मी विचारलं. तर म्हणाली, "भाजी घाला, तोंड नका घालू."

खरं तर ही टोपली मी गणपतीतच पाठवणार होतो. पण तुमच्याकडे चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते असं कळलं, तेव्हा थांबलो. बघ, मी चौकशी करतो. सगळेच समजतात तेवढा आडमुठा नाही मी.

तू वैशाखापासून माझ्याशी बोललेली नाहीस. तुझी आई दुपारी फोन घेऊन विहिरीवर जाते आणि तुझ्याशी बोलते, आणि ते मला ठाऊक नाही असं तिला वाटतं. तसंच वाटू दे. आल्यावर तिचा चेहरा बघून मला निम्मं कळतं.

हळदीच्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. आपल्याकडे हळदीला मासळी होते, माझ्या आजोबांपासून होते. अल्पेशच्या घरची मंडळी साडी घेऊन येणार आहेत, त्या एका दिवशी करू नका, असं तू सांगितलंस. मी म्हणालो, माझ्या घरात काय शिजेल ते मी ठरवीन. शिजली. विहीणबाई फाटकातून आत आल्या, पदर नाकाला लावला आणि पाण्याचा घोटही न घेता मागे फिरल्या. दुसऱ्या दिवशी लग्न झालं, पण मांडवात तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी माझ्या घरात माझ्या पद्धतीने केलं, असं मला आजही वाटतं. म्हणूनच म्हटलं, त्याबद्दल लिहिणार नाही. हे पत्र भाजीबद्दल आहे.

टोपली मी वर आणून देणार नाही. एव्हरशाईनला तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे ठेवतो. रिकामी झाली की तिथेच ठेव. उत्तराची अपेक्षा नाही. टोपली मात्र परत हवी, बुरुडाकडून मुद्दाम करून घेतलेली आहे.

बाबा


बोळिंज,
शनिवार, ७ डिसेंबर २०२४

रुचिता,

टोपली परत आली. धुऊन, पुसून. आत काही नव्हतं. उलटी करून झटकूनही पाहिली.

पण दुसरंच आक्रीत घडलं. मंगळवारी मी पंपाजवळ होतो, आणि तुझ्या सासूबाईंचा फोन! लग्नानंतर आमचं पहिलंच बोलणं. मला वाटलं, काही बरंवाईट झालं. तर त्या म्हणाल्या, "दयारामभाई, ही पापडी कुठली? मी इतकी वर्षं उंधियू करते, पण पापडीला अशी चव असते ते आत्ता कळलं."

मी काय बोलणार? म्हटलं, वाडीतली, सेंद्रिय. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या उंधियूत बटाटा चालत नाही, कच्ची केळी घालतात, ती मिळतील का? या टोपलीत ती केळी आहेत. फणी कच्चीच काढली आहे, पिकू देऊ नकोस.

मग विचारलं, सेंद्रिय म्हणजे नक्की काय करता? माझा विषय निघाला की मी थांबत नाही हे तुला ठाऊकच आहे. सांगितलं की औषध नाही, युरिया नाही. पहिले दोन हंगाम अळीने सगळी वाडी चाळण करून ठेवली होती आणि शेजारी हसत होते. मग माती हळूहळू भुसभुशीत झाली, गांडुळं आली. पापडीच्या फुलांवर मधमाशा आल्या. बावखलात बेडूक परत ओरडायला लागले. त्याला तळं म्हणायलाही नको वाटावं असं पाणी झालं होतं, आठवतं ना? भाजी आता दोन दिवस जास्त टिकते आणि शिजताना पाणी सोडत नाही. बोलता बोलता पंप चालूच राहिला आणि मिरचीत पाणी तुंबलं.

औषध का सोडलं, असंही त्यांनी विचारलं. मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं, की फवारणी करून हातांची सालं जायची, डोकं जड व्हायचं. ते खरं आहे. हात बघ आता, तुझ्या आईच्या हातांपेक्षा मऊ आहेत.

दुसरं कारण त्यांना सांगितलं नाही. ते तुझं आहे. बावखलाच्या कडेला दोन सऱ्या घरच्या असायच्या, तिथे कोणीच फवारत नसे. सगळ्या गावात तशीच पद्धत होती. घरचं वेगळं, बाजाराचं वेगळं. तू कॉलेजात जायला लागलीस आणि एक दिवस जेवताना विचारलंस, "मग बाजारातली भाजी खातात ती माणसं कोणाच्या घरची?" मी तुला गप्प बसवलं. तू गप्प बसलीस, पण दुसऱ्या दिवसापासून घरच्या सरीतलं खाईनाशी झालीस. विरारच्या बाजारातून स्वतः भाजी आणायचीस, वेगळी शिजवायचीस. "मीपण बाजाराचीच." तुझ्या आईने डोळ्यांत पाणी आणलं, मी आरडाओरडा केला. शेवटी फवारणीचा पंप मी भंगारवाल्याला दिला, तेव्हा कुठे तू आमच्या ताटाला बसलीस. हट्ट कोणाकडून आलाय ते विचारू नकोस.

विहीणबाईंनी खताचंही विचारलं. शेणखत, करंजाची पेंड, पालापाचोळा, जीवामृत, असं सांगत होतो. सगळं खरंच घालतो. मग फोनची रेंज गेली.

बाबा


बोळिंज,
शनिवार, २८ डिसेंबर २०२४

रुचिता,

आता एका टोपलीने भागत नाही. तुमच्या बिल्डिंगमधून आणि शेजारच्या दोन बिल्डिंगमधून भाजी मागतात. मधुबेननी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आहे. (तुझ्या सासूबाईंना मी आता मधुबेन म्हणतो. त्यांनीच सांगितलं.) पूर्वी पानाला भोक दिसलं की व्यापारी भाजी परत करायचा. आता एव्हरशाईनच्या बायका भोकं शोधतात. अळीने खाल्लंय म्हणजे औषध नाही! एकीने तर माठाची बिनभोकाची जुडी परत पाठवली. आयुष्यभर ज्या अळीला शिव्या दिल्या तिने माझी इतकी सोय करावी म्हणजे कमाल झाली.

आई विहिरीवरून आली की हल्ली खुशीत असते. काही सांगत नाही, पण तिच्याने राहवत नाही. दिवाळीत तुमच्याकडे कोणी नातलग बाई तुला "मच्छीवाल्यांची पोरगी" म्हणाली होती, आणि तू स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली होतीस, हे तिने मला आत्ता सांगितलं. आत्ता सांगितलं कारण आता मधुबेन शेजारणींना "आमच्या सुनेच्या बाबांची वाडी" असं म्हणतात. तुला भाजी निवडायला जवळ बसवतात, तुझ्याकडून पापडीचे प्रकार विचारून घेतात. ते ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पण आता मंडळी वाडी बघायला येणार आहेत. रविवारी, १२ जानेवारीला. मधुबेन, तुमच्या मजल्यावरच्या बायका, अल्पेश. तूही असशील का, ते आई सांगत नाही.

आपली केळी आणि पापडी कशावर वाढते ते तुला सांगायला नको. अर्नाळ्याच्या बंदरावर खपली नाही ती मांदेली आणि जवळा, कोळंबीची टरफलं, सगळं मीठ न लावता वाळवायचं, कुटायचं आणि केळीच्या बुडात गाडायचं. युरिया नव्हता तेव्हापासून हेच चालत आलंय. बंदरावरच्या ॲन्सेल्म कोळ्याचा बाप माझ्या बापाला द्यायचा, आता ॲन्सेल्म मला देतो. लहानपणी त्याच्या ओट्यावर बसून तूच जवळ्यातले खडे वेचायचीस. याच्याइतकं सेंद्रिय दुसरं काय असणार? पण पानाआड अळी असेल म्हणून चार महिने पालेभाजी न खाणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं?

मी खोटं बोललेलो नाही. कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा रेंज गेली.

सांगितलं तर तुझं तिथे पुन्हा काय होईल, हे मला दिसतंय. पुन्हा ती बाई, पुन्हा स्वयंपाकघर. तेव्हा मी ठरवलंय. पोती वाडीतून हलवतो.

पोती घेऊन ॲन्सेल्मकडे गेलो. तो नुकताच चर्चमधून मिस्सा आटोपून आला होता. म्हणाला, "दयाराम, मासली लपवाला कोल्याच्या घरी आनली? डोकं बरं चालतं तुजं." मी म्हटलं, तुझ्या घरात मासळी कोणाला खटकणार? तर पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "पोती ठेव. पन पोती बाहेर काढून मातीतली कशी काढशील?"

मातीतली कोण बघतंय?

बाबा


बोळिंज,
शनिवार, ११ जानेवारी २०२५

रुचिता,

आज टोपलीत थोडंच आहे, उद्या सगळी येणारच आहात.

वाडी झाडून घेतली. पोती ठेवायची तिथे शेण सारवलं. आठवडाभर घरात मासळी आणलेली नाही. तुझी आई म्हणाली, "लेकीनं येक दिवस सांगितलेला, तेव्हा नाय ऐकलंत. आता गिऱ्हाइकासाठी आठ दिवस?" मी म्हटलं, गिऱ्हाइकासाठी नाही. ती आत निघून गेली.

तू यायचं की नाही ते तुझं तू ठरव. आलीस तर माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. लांबून बघितलंस तरी चालेल. फाटकापासची जुई यंदा खूप फुलली आहे, ती तरी बघशील.

आणि खताचं कोणी विचारलंच तर तू काही बोलू नकोस. मी बघून घेईन. हे मी तुझ्यासाठी करतोय.

बाबा


बोळिंज,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

रुचिता,

तू तिथे होतीस, म्हणजे तुला सांगायचं कारण नाही. तरी लिहितो, कारण तुझी आई रोज तीच गोष्ट मला ऐकवते आणि रोज त्यात मी आदल्या दिवसापेक्षा जास्त मूर्ख ठरतो. माझी बाजू एकदा कुठेतरी लिहिलेली असावी.

सुरुवात चांगली झाली होती. मधुबेननी पापडीच्या मांडवाखाली उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाल्या, इथे तर हवाच वेगळी आहे. मी मातीचं ढेकूळ फोडून दाखवलं, त्यात गांडुळं वळवळत होती. बाकीच्या बायका मागे सरकल्या. मधुबेन मात्र वाकून बघत राहिल्या, आणि नंतर सगळ्या वाडीत प्रत्येक पाऊल खाली बघून टाकत होत्या. मी या वाडीत जन्म काढला, पण इतक्या जपून इथे कोणी चाललेलं पाहिलं नाही.

आणि मग आपण केळीत शिरलो. मांजरं! गावातली झाडून सगळी मांजरं माझ्या केळीत. एकेका बुडाशी एकेक, कोणी उकरतंय, कोणी नुसतंच डोळे मिटून बसलंय, जशी पंगतच बसली होती. पोती हलवली, शेण सारवलं, घरातली मासळी बंद केली, पण मांजरं माझ्या डोक्यातच आली नाहीत. रोज तिथेच असतात ना, मला दिसेनाशी झाली होती.

मधुबेननी विचारलं, "इतकी मांजरं कशी काय?"

मी म्हणालो, उंदीर फार झालेत.

"बाबा, उंदीर नाहीत."

वैशाखापासून तू माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तू त्यांच्याकडे वळलीस आणि सरळ म्हणालीस, "मम्मी, आमच्याकडे केळीला आणि पापडीला मासळीचं खत घालतात. पहिल्यापासून. मी त्याच केळ्यांवर वाढले."

त्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अल्पेशने मान खाली घातली. एकीने हातातली पापडीची शेंग हळूच खाली ठेवली, ते मी पाहिलं. पण मी खरं सांगू? मला त्या वेळी फक्त "आमच्याकडे" एवढंच ऐकू आलं. मी समजत होतो, तू आता या घराला तसं म्हणणार नाहीस.

मग मधुबेननी मलाच विचारलं, "हे मासे खतासाठी मारतात?"

म्हटलं, नाही. खाण्यासाठीच धरतात. खपत नाहीत ते खतात जातात.

"आणि पूर्वी औषध मारायचे तेव्हा? ती गांडुळं?"

तेव्हा गांडुळं नव्हती, मी सांगितलं. मधमाशी नव्हती. बेडूकही गेले होते.

"म्हणजे तेव्हा जास्त मरत होतं." त्या हे मला म्हणाल्या नाहीत, स्वतःशीच म्हणाल्या. मग हात जोडले. "मला विचार करावा लागेल, वेवाई." त्यांच्यात व्याह्याला तसं म्हणतात. आई पाण्याचे पेले घेऊन आली होती. त्यांनी पाण्यालाही हात जोडले आणि गाडीत जाऊन बसल्या. दुसऱ्यांदा. तू त्यांच्या मागे गेलीस, फाटकाशी थांबलीस, जुईचं एक फूल घेतलंस आणि गेलीस.

पोती हलवताना मला वाटत होतं, मी तुझ्यासाठी करतोय. पण तू जे माझ्या ताटाला न बसता बंद पाडलंस, तेच मी परत करत होतो. घरच्यांना एक आणि बाजाराला दुसरं. या वेळी भाजी एकच होती, सांगायचं तेवढं वेगळं होतं. तू तेव्हाही बाजारातल्या लोकांच्या बाजूला उभी होतीस. मला तुझा राग यायला हवा होता, तुझ्या आईला तर खात्रीच होती. पण आला नाही. मला अभिमान वाटला, आणि तो दाबून ठेवता आला नाही म्हणून मी पंप सुरू करायला गेलो. पाण्याची गरज नव्हती.

सोमवारी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. कशाला कोणतं खत, कुठून येतं, सगळं. बऱ्याच जणी निघून गेल्या. एका मालवणी बाईंनी लिहिलं, "तरीच म्हटलं, चव कुठून येते!" आणि दुप्पट भाजी मागितली. मधुबेननी काहीच लिहिलं नाही. आज वॉचमनकडे तुमची टोपली ठेवलेली नाही, फक्त हे पत्र ठेवतोय. विचार करणाऱ्या माणसाच्या दारात भाजी ठेवून घाई करू नये, असं तुझी आई म्हणाली.

तुला तिथे कोणी काही बोलत असेल तर कळव. मी काय करणार आहे ते मला ठाऊक नाही, पण कळव.

बाबा


बोळिंज,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

रुचिता,

तू कळवलं नाहीस. आई म्हणते, "ती बरी हाय, तुम्ही तुमचं बघा." विहिरीवर हल्ली ती फार वेळ थांबत नाही, म्हणून मला काळजी वाटते.

टोपलीत मेथी आहे. पूर्ण वाचल्याशिवाय परत पाठवू नकोस.

बावखलाच्या कडेच्या त्या दोन सऱ्या, घरच्या म्हणून राखलेल्या, तुला आठवत असतील. नंतर सगळी वाडीच घरची झाली, म्हणून त्यांना वेगळं असं काही उरलं नव्हतं. मी त्या पुन्हा वेगळ्या केल्या. वरची माती काढली, दुसरी भरली, आणि त्यात मासळीचा कणही घातला नाही. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, करंजाची पेंड, एवढंच. हे सगळं मी स्वतःच्या हाताने केलं. ॲन्सेल्म कुंपणापाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "माजा धंदा बुडवतंस काय?" मी म्हटलं, दोन सऱ्याच आहेत, बाकीची वाडी तुझीच.

लोकांना कसली खात्री द्यायची, हा प्रश्न होता. पण तो सुटला. गावातलं एक मांजर त्या सऱ्यांकडे ढुंकून बघत नाही. याहून मोठं प्रमाणपत्र मला कुठलं मिळणार?

ही मेथी त्यातली पहिली. गिऱ्हाईक परत यावं म्हणून मी हे केलेलं नाही, हे मधुबेनना सांग. त्यांना घ्यायची नसेल तर तीही टोपली धुऊन परत येऊ दे, मी वाईट वाटून घेणार नाही. थोडं घेईन. पण त्या माझ्या वाडीत ज्या तऱ्हेने पाय टाकत होत्या, ते मला विसरता येत नाही. अशा माणसासाठी दोन सऱ्या बाजूला ठेवणं मला जड नाही. वैशाखात एक दिवस जड झाला होता.

आता आणखी एक. पुढच्या रविवारी मी घरात मासळी आणणार नाही, असं तुझ्या आईला सांगितलंय. तू एकटी आलीस तरी, कोणी आलं तरी, कोणीच आलं नाही तरी. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, कांद्याचा वास गेला डोळ्यात. घरात कांदा चिरलेला नव्हता.

वाट बघतो. हे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं, पण तेव्हा मी भाजीबद्दल लिहीत होतो.

बाबा


एव्हरशाईन सिटी,
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

बाबा,

टोपली रिकामी नाही, म्हणून आधी नीट धरा. आत आहेत त्या साली आहेत. दुधीच्या, कच्च्या केळ्यांच्या, मटारच्या. मम्मींनी आठवडाभर गॅलरीत वाळवल्या. बिल्डिंगच्या कचऱ्यात टाकू देत नव्हत्या. म्हणाल्या, त्या दोन सऱ्यांमध्ये आपल्या घरचंही काहीतरी जायला पाहिजे. अल्पेश त्यांना चिडवत होता की तू बोळिंजला शेती करायला लागलीस. तर म्हणाल्या, हो, लागलेच.

मेथीचे थेपले झाले. शेजारच्या काकूंनी विचारलं, ही त्या मच्छीवाल्या वाडीतलीच ना? मी काही बोलायच्या आत मम्मी म्हणाल्या, "हो, माझ्या वेवाईंच्या वाडीतली. खताचं सगळं खरं सांगतात. तुमचा भाजीवाला सांगतो का?" काकू थेपला खाऊनच गेल्या.

मी तुमची सगळी पत्रं ठेवली आहेत. उत्तर लिहायला बसायचे आणि प्रत्येक वेळी हळदीचा दिवसच लिहिला जायचा, म्हणून फाडून टाकायचे. मला तुमचा खूप राग होता, बाबा. मासळीचा नव्हता. मी मागितलं ते इतकं थोडं होतं आणि तुम्ही ते दिलं नाहीत, त्याचा होता. मांजरांच्या दिवशी तुम्ही "उंदीर" म्हणालात ना, तेव्हा तुमचा चेहरा बघून मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. माझ्यासाठी खोटं बोलताना तुम्ही इतके वाईट दिसता की मला बोलावंच लागलं.

उद्या आम्ही येतोय. तिघंही. मासळी बंद वगैरे काही करू नका. आईला बोंबील करू दे, तुम्ही समोर बसून खा. मी आता खात नाही, मला खावंसं वाटतही नाही, पण तुम्ही काटे काढता ते बघत बसायचंय. मम्मी जुईपाशी खुर्ची टाकून बसतील. त्यांनीच सांगितलंय, त्यांच्यासाठी घर बदलू नका.

त्यांना फक्त एक पाहिजे. म्हणतात, हळदीच्या दिवशीचं पाणी राहिलंय, ते प्यायला येते. त्या गाळलेलंच पाणी पितात, बाबा. नवं फडकं घ्या आणि गाळून ठेवा.

रुचिता